वाळूचा हिशेब मांडणारा माणूस : हेन्री डार्सी

सेकंड इयरच्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आणि थर्ड इयरच्या सॉइल मेकॅनिक्समध्ये जो माणूस आपल्याला हमखास गाठतो, त्याचं नाव डार्सी. एका पेपरात तो वाइसबाखचा हात धरून येतो आणि पाइपातलं फ्रिक्शन विचारतो. दुसऱ्या पेपरात एकटाच येतो आणि 'क्यू इज इक्वल टू के आय ए' म्हणायला लावतो. व्हायवाच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हे नाव इतक्या वेळा घेतलं जातं की बाहेरच्या माणसाला नामस्मरण चाललंय असं वाटावं. पण हे दोन डार्सी एकच की वेगवेगळे, असं विचारलं तर निम्मी विंग गप्प बसते.

एकच. आणि तो प्रोफेसर नव्हता, मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञही नव्हता. सरकारी नोकरीतला सिव्हिल इंजिनिअर होता. आपल्या भाषेत सांगायचं तर पीडब्ल्यूडीतला साहेब. त्याने आयुष्यातली बहुतेक वर्षं रस्ते, पूल, नळ आणि मंजुरीच्या फायली यांत घालवली, आणि जो नियम त्याच्या नावाने ओळखला जातो तो त्याने जाड पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्टात टाकला.

१० जून १८०३ रोजी फ्रान्समधल्या दिजाँ या गावी हेन्रीचा जन्म झाला. दिजाँ हे बर्गंडी प्रांताचं जुनं मुख्य ठिकाण, आज जगाला माहीत आहे ते तिथल्या मोहरीच्या सॉसमुळे. वडील करवसुली खात्यात होते. हेन्री चौदा वर्षांचा असताना, १८१७ मध्ये ते वारले. घरात आई, हेन्री आणि धाकटा भाऊ. पैसा बेताचाच. आईने उसनवारी केली, खटपटी केल्या, पण मुलांचं शिक्षण थांबू दिलं नाही. हेन्रीला शिकायला गावाची शिष्यवृत्ती मिळाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८२१ मध्ये, अठराव्या वर्षी, तो पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. ही संस्था म्हणजे आपल्या आयआयटीची पणजीच समजा. प्रवेश परीक्षा कठीण, शिस्त लष्करी, गणित डोक्यावरून जाणारं. तिथून १८२३ मध्ये पूल आणि रस्ते यांच्या सरकारी शाळेत. या शाळेतून बाहेर पडलेला मुलगा थेट सरकारच्या इंजिनिअरांच्या केडरमध्ये जायचा. नोकरीची हमी, कॅम्पस इंटरव्ह्यूची कटकट नाही! त्याच सुमारास, १८२२ मध्ये, फूरिएचं उष्णतेवरचं प्रसिद्ध पुस्तक पॅरिसमध्ये निघालं होतं. तापमानातला फरक जितका जास्त तितकी उष्णता जास्त वाहणार, हे त्यातलं मूळ सूत्र. डार्सीने पुढे वाळूसाठी जे सूत्र मांडलं त्याचा चेहरा अगदी तसाच आहे. १८२७ मधल्या ओहमच्या नियमाचाही तोच. इलेक्ट्रिकलवाल्यांनी आपल्याच घराण्यातला समजायला हरकत नाही.

१८२७ च्या सुमारास डार्सीची बदली दिजाँला झाली. स्वतःच्या गावात पोस्टिंग! १८२८ मध्ये त्याने हेन्रिएट केरी या मुलीशी लग्न केलं. ती मूळच्या ग्वेर्नसी बेटावरच्या इंग्रज घरातली, पण कुटुंब दिजाँत राहणारं. त्यांना मूलबाळ झालं नाही.

आता गावाची अवस्था बघू. तेव्हाचं दिजाँ म्हणजे पंचवीस-तीस हजार वस्तीचं गाव. पाणी उथळ विहिरींचं. याच जमिनीत संडासांचे खड्डे, म्हणजे वरचं खाली झिरपणार आणि तेच पोहऱ्यातून वर येणार. स्यूझाँ नावाचा ओढा गावातून वाहायचा खरा, पण गावात शिरल्यावर त्याचं गटार व्हायचं. १८२९ मध्ये गावाने एका चौकात खोल बोअर मारायला घेतली. जवळजवळ दीडशे मीटर खाली गेले. पाणी लागलं, दाबाने वरही चढलं, पण यायचं इतकं थोडं की गावाचं भागणं शक्य नाही. बोअर फेल. खर्च झाला तो झालाच. आपल्याकडे मराठवाड्यात ही कथा कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

डार्सीने गावाबाहेर बघितलं. स्यूझाँच्या खोऱ्यात वरच्या अंगाला रोझ्वार नावाचा मोठा झरा होता. पाणी स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे झरा गावापेक्षा उंचावर. १८३४ मध्ये त्याने आराखडा दिला. १८३५ मध्ये नगरपालिकेने मान्य केला. राजाची मंजुरी यायला १८३७ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे फाईल तिथेही आरामातच चालायची. मार्च १८३९ मध्ये काम सुरू झालं आणि ६ सप्टेंबर १८४० रोजी झऱ्याचं पाणी गावाच्या वेशीवरच्या टाकीत पोचलं. दीड वर्षात सुमारे १२.७ किलोमीटरचा बंदिस्त कालवा, तोही मशीनशिवाय, कुदळ-फावड्यावर. आपल्या शहरांतले फ्लायओव्हर किती वर्षं चालतात ते इथे लिहीत नाही.

या कामातलं इंजिनिअरिंग साधं आहे आणि म्हणूनच मला आवडलं. कुठे पंप नाही. सगळं पाणी उतारावर आपल्या वजनाने येतं. कालवा बंद, टाकी बंद. ऊन नाही, पाचोळा नाही, गुरं नाहीत. मिनिटाला सुमारे ८ घनमीटर पाणी. हिशेब केला तर दिवसाला एक कोटी लिटरच्या वर जातं. माणशी जवळजवळ चारशे लिटर. आपण आज वॉटर सप्लायच्या पेपरात माणशी १३५ लिटर धरून डिझाइन करतो! १८४४ पर्यंत गावात सुमारे २८ किलोमीटर पाइप टाकून झाले, आणि दर शंभर मीटरवर एक असे १४० च्या वर सार्वजनिक नळ उभे राहिले. शंभर मीटरचा अर्थ काय? भरलेली बादली घेऊन कोणत्याही बाईला पन्नास मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये. तेव्हा फ्रान्समध्येही पाणी भरायचं काम बायकांकडे आणि मोलकरणींकडेच होतं. पाणी फुकट होतं, त्यामुळे श्रीमंताला वेगळं पाणी आणि गरिबाला वेगळं असा प्रकार राहिला नाही.

एवढ्या कामाची डार्सीला नियमाप्रमाणे चांगली घसघशीत फी मिळाली असती. त्याने ती घेतली नाही. गावाने सोन्याचं पदक दिलं, ते घेतलं. आणि घरी हयातभर मोफत पाणी, तेही घेतलं. ज्या गावाने वडील गेलेल्या मुलाला शिकायला पैसे दिले, त्या गावाकडून त्याला फी मागवली नसणार, असं मला वाटतं. काही मित्रांचं म्हणणं पडलं की तो बावळटच होता. असेल. पण फी न घेतल्यामुळे एक गोष्ट झाली. पुढे पुस्तक लिहिताना त्याला काहीही लपवायची गरज पडली नाही. कुठे किती खर्च आला, कोणता पाइप कितीला पडला, सगळं त्याने छापून टाकलं.

मध्येच रेल्वेचं. पॅरिस ते लियाँ लाइन कुठून न्यायची यावर वाद चालू होता. डार्सीने ती दिजाँवरून जावी म्हणून जोर लावला. त्यासाठी ब्लेझीच्या डोंगरातून सुमारे चार किलोमीटरचा बोगदा लागणार होता. लोकांना तो वेडेपणा वाटला. तो झाला, लाइन दिजाँवरून गेली आणि गावाचं नशीब बदललं.

मग आलं १८४८. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, राजा पळाला, नवं सरकार बसलं. नव्या सरकारला जुन्या सरकारच्या काळात मोठा झालेला, गावात वजन असलेला हा इंजिनिअर धोक्याचा वाटला. त्याला दिजाँतून हलवलं. ज्या गावाच्या गल्लीगल्लीत त्याचे नळ होते, त्याच गावात राहायला त्याला मनाई! राजकारण आणि बदल्या यांचं नातं फार जुनं दिसतंय. त्याच वर्षात मात्र तो पॅरिसच्या पाणी आणि रस्ते विभागाचा प्रमुख झाला. म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर काढला, आणि हुशारी बघून राजधानीच्या डोक्यावर बसवला.

पॅरिसमध्ये त्याच्या हाताशी साधनं आली. तेव्हा पाइपातल्या पाण्याचा हिशेब प्रोनी या जुन्या इंजिनिअरच्या सूत्राने व्हायचा. त्या सूत्रात पाइप कशाचा आहे याला काही महत्त्वच नव्हतं. लोखंड असो, शिसं असो, काच असो, नवा असो की गंजलेला, उत्तर एकच. डार्सीला रोजच्या कामात हे पटेना. शायो या पॅरिसमधल्या ठिकाणी १८४९ ते १८५१ या काळात त्याने २२ प्रकारचे पाइप मांडले. बीडाचे, शिशाचे, काचेचे, आतून डांबर लावलेले. व्यास सव्वा सेंटिमीटरपासून अर्ध्या मीटरपर्यंत आणि बहुतेकांची लांबी शंभर मीटर. उत्तर स्पष्ट आलं. आतला पृष्ठभाग कसा आहे त्यावर फ्रिक्शन ठरतं, आणि आत थर साचलेला जुना पाइप नव्यापेक्षा साधारण दुप्पट अडवतो. आज आपण मूडी चार्ट उघडून रफनेसची रेघ शोधतो, त्याची सुरुवात ही. वाइसबाख हा जर्मन प्रोफेसर, त्याने आपलं सूत्र १८४५ मध्येच मांडलं होतं. दोघांनी मिळून काही केलं नाही, पुढच्या लोकांनी त्यांची नावं एकत्र बांधली.

या सगळ्या धावपळीत डार्सीची तब्येत ढासळत गेली. १८५० मध्ये तो लंडनचे रस्ते बघून आला, पुढे ब्रसेल्सच्या पाणीपुरवठ्याला सल्ला देत होता, पण शरीर साथ देईना. १८५५ मध्ये त्याने रोजच्या जबाबदारीतून मोकळं करण्याची विनंती केली आणि फक्त संशोधन करायला परत दिजाँला आला. वय बावन्न. हातात अडीच वर्षं उरली होती. आणि आपल्याला पाठ असलेला डार्सी खरा इथे सुरू होतो.

तो गावच्या नळयोजनेवर एक पुस्तक लिहीत होता. प्रश्न असा की दिजाँच्या पाण्याला फिल्टर लागलाच नव्हता, झऱ्याचं पाणी मुळातच गाळलेलं. मग हा वाळूच्या मागे का लागला? कारण पुस्तक फक्त दिजाँचं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गावच्या इंजिनिअरने ते उघडावं आणि आपली योजना आखावी असा त्याचा हेतू होता. प्रत्येक गावाच्या डोक्यावर रोझ्वारसारखा झरा नसतो. बहुतेकांना नदी उपसावी लागते, आणि नदी म्हणजे गाळ. लंडनमध्ये चेल्सीच्या कंपनीने १८२९ पासून वाळूचे मोठे फिल्टर चालवले होते. ते पाणी छान गाळायचे, पण फार हळू. आजच्या पुस्तकात स्लो सँड फिल्टरचा वेग तासाला ०.१ ते ०.२ मीटर दिलेला असतो. म्हणजे मोठ्या शहराला एकरच्या एकर वाळू पसरावी लागणार. पॅरिसमध्ये काही लोकांनी बंद भांड्यात दाबाखाली पाणी गाळायचे फिल्टर काढले होते, त्यांतल्या एका प्रकारात लोकर भरलेली असायची. डार्सीने हे सगळे बघितले, तुलना केली. पण प्रत्येकाचं अंदाजपंचे चाललेलं. वाळूचा थर दुप्पट केला तर पाणी किती कमी होईल? वर पाण्याची उंची वाढवली तर किती वाढेल? कुणालाच आकड्यात सांगता येत नव्हतं.

त्यासाठी त्याने एक उभा लोखंडी नळकांडा घेतला. आतला व्यास ३५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या मेसच्या वरणाच्या पातेल्याएवढा, आणि उंची माणसापेक्षा जास्त. तळाशी जाळी, जाळीवर वाळू. वाळू सोन नदीची (बिहारातली सोन वेगळी, ही फ्रान्सची). वरून पाणी सोडायचं, खालून मोजायचं, वर आणि खाली पाऱ्याचे मॅनोमीटर. जागा कुठली, तर दिजाँच्या हॉस्पिटलचं आवार, कारण तिथे गावच्या नळाचं दाबाचं पाणी मिळत होतं. त्याच्याच योजनेचं पाणी! २९ आणि ३० ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १८५५ या तीन दिवसांत शार्ल रित्तेर या इंजिनिअरबरोबर पहिल्या मालिका झाल्या. हॉस्पिटलमधले नळ उघडले-बंद केले की मॅनोमीटरमधला पारा नाचायचा. आपल्या लॅबमध्ये शेजारच्या बॅचने व्हॉल्व्ह फिरवला की आपलं रीडिंग जातं, अगदी तेच दुखणं. फेब्रुवारी १८५६ मध्ये रित्तेरने आणखी एक फेरी केली. तीत वाळूखालचा दाबही बदलून बघितला.

आकडे बघण्यासारखे आहेत. पहिल्या मालिकेत वाळूचा थर ०.५८ मीटर. हेडमधला फरक १.११ मीटर असताना मिनिटाला ३.६ लिटर पाणी आलं. तोच फरक १०.८९ मीटरवर नेला तेव्हा २९.४ लिटर. मधली रीडिंग्जही याच ओळीत. म्हणजे फरक वाढेल तसं पाणी वाढतं, जवळजवळ सम प्रमाणात. थर जाड केला की त्या प्रमाणात कमी होतं. झालं. क्यू इज इक्वल टू के आय ए.

'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. नीट भागाकार केला तर पहिल्या रीडिंगला गुणोत्तर ३.२५ येतं आणि शेवटच्या रीडिंगला २.७० वर उतरतं. डार्सीने ही घसरण लपवली नाही, टेबल जसंच्या तसं छापलं. आपल्यापैकी किती जणांनी जर्नलमधलं असं रीडिंग आधी उत्तर काढून मग 'दुरुस्त' केलं असतं, याचा विचार करा! आज आपल्याला कारण शोधता येतं. शेवटच्या रीडिंगला पाण्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आसपास येतो, वाळूच्या कणाच्या मापाने रेनॉल्ड्स नंबर १ च्या पुढे जातो, आणि तिथून हा नियम किंचित सैल पडायला लागतो. म्हणजे त्याचं खरं टेबल आपल्याला त्याच्या नियमाची मर्यादाही सांगतं. खोटं, गुळगुळीत टेबल असतं तर हे हरवलं असतं.

पुस्तक १८५६ मध्ये निघालं. साडेसहाशेच्या आसपास पानं, वर नकाशे-चित्रांचं वेगळं बाड. नळ कसे बसवायचे, तोट्या कशा, टाक्या कशा, सगळं त्यात. आणि वाळूचा नियम मागे परिशिष्टात, मोजक्या पानांत. त्याच्या दृष्टीने तो फिल्टर आखण्याचा एक उपयोगी ठोकताळा होता. स्वतःही त्याने दाबाखाली चालणारा, आणि घाण साचली की उलट दिशेने पाणी सोडून धुता येणारा फिल्टर आखला होता. आजच्या रॅपिड सँड फिल्टरमधलं बॅकवॉश ते हेच.

पण हा ठोकताळा फिल्टरमध्ये थांबला नाही. वाळूच्या नळकांड्यात जे घडतं तेच जमिनीखाली, विहिरीभोवती, धरणाच्या पोटात घडतं. आणि जिथे खडकात पाण्याऐवजी तेल असतं तिथेही घडतं. डार्सी गेला जानेवारी १८५८ मध्ये. अमेरिकेत ड्रेकची तेलाची विहीर लागली ऑगस्ट १८५९ मध्ये. म्हणजे तेलाचा धंदा सुरू झाला तेव्हा तो नव्हताच. तरीही १९३३ मध्ये तेलवाल्यांनी खडकातून द्रव किती सहज जातो याचं एकक ठरवलं, त्याला नाव दिलं 'डार्सी'. माझ्या कच्च्या हिशेबाने त्याच्या हॉस्पिटलमधली वाळू तीस-चाळीस डार्सीची होती. तेलाच्या खडकाला बहुतेक वेळा एका डार्सीचा काही भागच मिळतो, म्हणून तिथे मिलिडार्सी वापरतात.

जे तेल खडकातून वर काढता येतं ते पाण्यात आणि जमिनीत सांडतंही. २० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेत मिनेसोटामधल्या बेमिजी गावाजवळ क्रूडची पाइपलाइन फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसलं, उरलेलं सुमारे चार लाख लिटर वाळूतून खाली गेलं आणि भूजलाच्या पातळीवर जाऊन बसलं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. पण वाळूत पाणी आणि तेल एकत्र आले की दोघांच्या वाटा अडतात. एकाच छिद्रात दोन पाहुणे, त्यामुळे प्रत्येकाला जागा कमी. के हा स्थिर आकडा राहत नाही. शेवटी काही तेल कणांच्या बेचक्यांत असं अडकतं की कितीही हेड लावलं तरी हलत नाही. तिथून ते हळूहळू पाण्यात विरघळत राहतं. १९८३ पासून तिथे शास्त्रज्ञ त्या तेलाच्या मागावर आहेत. जमिनीतले जीवाणू ते खातात, पण फार सावकाश.

अलास्काची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन व्हाल्डेझ हे टँकर जहाज खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर क्रूड समुद्रात गेलं. किनारे धुतले, समुद्रपक्षी मेले, कोर्टकज्जे झाले. सगळ्यांना वाटलं होतं की लाटा आणि जीवाणू उरलेलं काम करतील. वीस वर्षांनीही काही किनाऱ्यांवर दगड उचलला की खाली काळं तेल होतं. का? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचं उत्तर दिलं, आणि ते उत्तर म्हणजे डार्सीच. त्या किनाऱ्यांना दोन थर आहेत. वरचा जाड गोट्यांचा, त्यातून पाणी भराभर जातं. खालचा बारीक कणांचा, त्याचा के वरच्यापेक्षा हजारपटीपर्यंत कमी. वरच्या थरातलं तेल भरती-ओहोटीने धुतलं गेलं. खालच्या थरात मात्र पाणी इतकं कमी फिरतं की जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन पोचतच नाही. तेल तिथे बरणीत घालून झाकण लावल्यासारखं टिकलं. आपल्या मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, ते खारफुटीपर्यंत गेलं होतं. खारफुटीच्या चिखलाचा के किती कमी असतो हे सॉइलच्या लॅबमध्ये चिकणमाती घेऊन दिवसभर बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

फिल्टरवाल्यांनाही तेल नको असतं. पाण्यात तेल असेल तर ते वाळूच्या कणांना चिकटतं, वाळूचे गोळे होतात, हेड लॉस भराभर चढतो आणि नुसत्या पाण्याच्या बॅकवॉशने ते निघतही नाही. म्हणून रिफायनरीत आधी टाकीत पाणी शांत ठेवून वर आलेलं तेल काढतात, मग हवेचे बारीक बुडबुडे सोडून उरलेले थेंब वर आणतात, आणि त्यानंतरच पाणी फिल्टरकडे जातं. तिथेही पुष्कळदा वाळूऐवजी अक्रोडाच्या कवचाचा चुरा भरतात, कारण त्याला चिकटलेलं तेल घुसळून सुटतं. अक्रोड खाऊन कवच फेकणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पण भरा काहीही, फिल्टर कधी धुवायचा हे ठरवायला प्लँटचा ऑपरेटर वरच्या आणि खालच्या हेडमधला फरकच बघतो. नळकांड्याच्या दोन टोकांना लावलेले ते दोन मॅनोमीटर.

परत दिजाँला. पुस्तक निघाल्यावर डार्सी थांबला नाही. बर्गंडी कालव्यावर त्याने उघड्या पाटातल्या पाण्याचे प्रयोग मांडले. पाण्याचा वेग मोजायची पिटो ट्यूब तेव्हा भरवशाची नव्हती. तिच्यात सुधारणा करून त्याने ती खरोखर वापरण्याजोगी केली. एअरोनॉटिकलच्या मुलांनी विमानाच्या नाकापाशी ती नळी बघितली असेल. १८५७ मध्ये पाइपांवरचं काम छापून आलं आणि त्याच वर्षी तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीवर निवडून गेला. त्या हिवाळ्यात पॅरिसला गेला असताना त्याला न्यूमोनिया झाला. ३ जानेवारी १८५८ रोजी तो गेला. वय चोपन्न.

त्याला आगगाडीने दिजाँला आणलं, त्याच लाइनवरून, ब्लेझीच्या त्याच बोगद्यातून. गावाने लगेच टाकीजवळच्या चौकाला त्याचं नाव दिलं. दिजाँमध्ये २०१२ मध्ये ट्राम सुरू झाली, तिच्या दोन्ही लाइन 'डार्सी' नावाच्या स्टॉपवर भेटतात. १८८० मध्ये त्या टाकीभोवती बाग केली गेली. बागेच्या दारात पांढऱ्या दगडाचं मोठं अस्वल आहे, लोक त्याच्यापाशी फोटो काढतात. टाकी बागेच्या खाली आहे.

कालव्यावरचे प्रयोग अर्धवट राहिले होते. ते त्याचा मदतनीस बाझाँ याने पुढे चालवले, आणि १८६५ मध्ये छापले. त्यावर डार्सीचं नाव बाझाँने पहिलं ठेवलं.